अंधाराचा युवराज

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

इंग्रज माणूस कोमट बिअर का पितो? कारण त्याच्या घरातला फ्रीज लुकास कंपनीचा असतो! हा विनोद इंग्लंड-अमेरिकेत जुन्या मोटारसायकली बाळगणाऱ्या मंडळींच्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत ऐकू येतो. दुसराही लगेच येतो. लुकासच्या दिव्याच्या बटणावर म्हणे तीन खुणा असतात : मंद, लुकलुक आणि बंद. आणि या कंपनीचे संस्थापक जोसेफ लुकास यांना तर त्या लोकांनी पदवीच बहाल केली आहे, 'अंधाराचा युवराज'.

विनोद ऐकून आपण हसतो आणि विसरतो. पण लोक कशावर विनोद करतात, त्यालाही इतिहास असतो. ज्या गोष्टीपुढं माणूस हतबल होतो आणि जिला टाळूही शकत नाही, तिच्यावर तो विनोद करतो. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात वीज मंडळावर किती विनोद झाले ते आठवा. लुकासवरच्या विनोदामागंही अशीच एक हतबलता आहे. हौसेनं, पदरमोड करून घेतलेली देखणी आणि वेगवान मोटारसायकल रात्रीच्या वेळी भर पावसात रस्त्याच्या कडेला आचके देऊन बंद पडते. इंजिन धडधाकट, टाकीत पेट्रोल, चाकात हवा. आणि गाडी मात्र एका पैशाएवढ्या पितळी तुकड्यापायी मुकी झालेली. हे हजारो लोकांच्या वाट्याला आलं. त्याची परिणती शेवटी एका देशाचा अख्खा उद्योग बुडण्यात कशी झाली, ते आज तुम्हांला सांगायचं आहे.

गंमत अशी, की ज्याला अंधाराचा युवराज म्हणतात तो माणूस उजेडाचा व्यापारी होता. जोसेफ लुकास यांचा जन्म १८३४ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातला. सुरुवातीला ते हातगाडीवरून दिव्याचं तेल विकत. पुढं बादल्या, कंदील, जहाजांवरचे दिवे असं करत करत १८८० च्या सुमारास त्यांनी सायकलसाठी एक दिवा काढला आणि त्याला नाव दिलं 'किंग ऑफ द रोड', म्हणजे रस्त्याचा राजा. सायकलींची लाट आली आणि या दिव्यानं लुकास घराण्याचं नशीब पालटलं. म्हणजे राजा ते अंधाराचा युवराज असा हा प्रवास आहे. मात्र, जोसेफ लुकास १९०२ साली वारले. ज्या तारांवरून आणि दिव्यांवरून लोकांनी त्यांना नावं ठेवली, त्या त्यांनी कधी पाहिल्याही नाहीत.

मोटारसायकलला वीज लागते ती दोन कामांसाठी. एक दिव्याला आणि दुसरी ठिणगीला. इंजिनात पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण दाबलं गेलं, की नेमक्या क्षणी प्लगमध्ये ठिणगी पडायला हवी. क्षणभर आधी नाही, क्षणभर नंतर नाही. ही ठिणगी देणारं जुन्या काळातलं साधन म्हणजे मॅग्नेटो. त्याला बॅटरी लागत नाही. इंजिनाबरोबर फिरतो आणि स्वतःची वीज स्वतःच तयार करतो. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्यानं १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला आणि तो इतका उत्तम निघाला, की इंग्लंडमधल्या गाड्याही त्याच्यावरच धावू लागल्या. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांच्या लक्षात आलं, की आपल्या गाड्यांची आणि विमानांची ठिणगी शत्रूच्या हातात आहे! मग घाईघाईनं देशी मॅग्नेटो सुरू झाले. त्याच वर्षी लुकासनं थॉमसन-बेनेट ही मॅग्नेटो बनवणारी कंपनी विकत घेतली. पुढच्या काही दशकांत एकेक प्रतिस्पर्धी गिळंकृत करत लुकास ब्रिटनमधल्या वाहनांच्या विजेची जवळपास मक्तेदार झाली.

आता आपण वळू महागड्या मोटारसायकलींकडे. १९४८ साली व्हिन्सेंट कंपनीनं 'ब्लॅक शॅडो' नावाची गाडी बाजारात आणली. ९९८ सीसीचं काळं कुळकुळीत इंजिन, ताशी १२५ मैलांचा वेग आणि समोर १५० मैलांपर्यंत आकडे असलेला थाळीएवढा स्पीडोमीटर. त्या काळातल्या सर्वांत महाग मोटारसायकलींत तिची गणना होई. फिलिप व्हिन्सेंट आणि ऑस्ट्रेलियन अभियंता फिल आयर्विंग यांनी इंजिनावर जीव ओतला होता. पण या गाडीचा डायनामो आणि दिवे मात्र अगदी बेताचे होते. दिवसा शंभरावर मैलांचा वेग घेणाऱ्या गाडीला रात्री पुढचा रस्ता नीट दिसू नये, ही केवढी विसंगती! आणि खरी मौज पुढंच आहे. हा डायनामो लुकासचा नव्हताच. तो मिलर नावाच्या दुसऱ्या कंपनीचा होता. १९५४-५५ मध्ये व्हिन्सेंटनं आपल्या गाड्यांत सुधारणा केली, तेव्हा मिलरला काढून तिनं लुकासचं सामान बसवलं. म्हणजे ज्या लुकासला पुढं जगानं बोल लावले, ती त्या वेळी सुधारणा म्हणून आली होती. विनोद आपल्याला हे सांगत नाहीत.

मग दोष कुठं होता? त्यासाठी एडवर्ड टर्नर या माणसाकडे जावं लागेल. ट्रायम्फ कंपनीचे हे कर्तेधर्ते. १९३७ साली त्यांनी 'स्पीड ट्विन' ही ५०० सीसीची गाडी काढली. तिच्या इंजिनात दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे आणि दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर, एकाच वेळी खाली. रचना सोपी, सुटसुटीत, स्वस्त आणि दिसायला सुरेख. बीएसए, नॉर्टन, मॅचलेस या सगळ्यांनी तिचा कित्ता गिरवला. १९५९ साली याच घराण्यात ६५० सीसीची 'बॉनव्हिल' जन्मली. अमेरिकेतल्या तरुणांनी ती डोक्यावर घेतली.

पण दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होतात, तेव्हा त्यांचे धक्केही एकत्र बसतात. या धक्क्यांचा एक नियम आहे. इंजिनाचे फेरे दुप्पट झाले, की धक्क्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. टर्नर यांची मूळची पाचशे सीसीची गाडी सौम्य होती. बाजाराची मागणी वाढत गेली तसं तेच इंजिन सहाशे पन्नास झालं, साडेसातशे झालं, अधिक फेरे घेऊ लागलं. नवं इंजिन आखायला पैसे लागतात. जुनंच फुगवायला कमी लागतात. त्यामुळं थरथर वाढतच गेली.

ही थरथर हाताला मुंग्या आणते, हे स्वारालाही कळतं. पण तिचा खरा बळी विजेचं सामान ठरतं. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून कोकणातल्या घाटातून आलेल्या प्रवाशाला विचारा, गाडीत सगळ्यांत जास्त कोण हादरतो! मोटारसायकलचा मागचा दिवा म्हणजे असाच शेवटच्या बाकावरचा प्रवासी. त्यातली केसासारखी फिलामेंट तुटते. बॅटरीतल्या पाट्यांचा लेप झडून तळाशी साचतो. तारा जिथं वळतात तिथं आतल्या आत तुटतात. वरचं आवरण मात्र शाबूत, त्यामुळं दोष डोळ्यांना दिसत नाही. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट सरकतात. त्यांत त्या काळच्या दोन सिलिंडरच्या गाड्यांत दोन्हींचे पॉइंट एकाच पाटीवर असत. एकाची वेळ जुळवली, की दुसऱ्याची हलायची. १९६८ च्या सुमारास लुकासनं सुधारित पाटी आणली, तोवर मालकांची बोटं आणि संयम दोन्ही झिजले होते.

आणखी एक गोष्ट. विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला एक. गाडीत परतीची वाट म्हणून वेगळी तार टाकत नाहीत; गाडीचा लोखंडी सांगाडाच वापरतात. मेकॅनिक मंडळी यालाच 'अर्थिंग' म्हणतात. सांगाड्याच्या सांध्यावर गंज चढला, रंगाचा थर आला, बोल्ट सैल झाला, की परतीची वाट बंद. दिवा चांगला, बॅटरी चांगली, तार चांगली; तरी उजेड नाही. इंग्लंडच्या सततच्या भुरभुर पावसात या सांध्यांचं काय होत असेल, हे कोकणातल्या कुणालाही सांगायला नको.

आपल्याकडच्या जुन्या बुलेटवाल्यांना हे सारं ओळखीचं वाटेल. रॉयल एनफिल्ड १९५५ साली मद्रासला आली आणि मूळ इंग्रज घराणं बंद पडल्यावरही इथं टिकून राहिली. तिच्या हेडलाइटवरचा छोटा अँपमीटर आठवतो? किक हळूच दाबायची, अँपमीटरचा काटा मध्यावर आला, की डिकॉम्प्रेशनचा खटका ओढून पिस्टन थोडा पुढं न्यायचा, मग दणकून किक. ज्याला हे जमलं तो मर्द. न जमलं तर पायाला उलटा तडाखा. वडील मुलाला हा विधी शिकवत. पण जरा दूर उभं राहून पाहिलं, तर हा विधी म्हणजे यंत्रातल्या उणिवेशी माणसानं केलेली तडजोड होती. तिला आपण संस्कार म्हणू लागलो, इतकंच.

आता लुकासच्या पारड्यात काय टाकायचं? ही कंपनी अडाणी खासच नव्हती. जेट विमानाचे जनक फ्रँक व्हिटल यांच्या इंजिनासाठी ज्वलनकक्ष बनवण्याच्या कामात तिचा वाटा होता. ज्यांना जेटची आग काबूत ठेवता येते, त्यांना मोटारसायकलचा दिवा पेटता ठेवता येऊ नये? येत होतं. पण लुकास माल बनवायची तो गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणं, आणि तिचं गिऱ्हाईक तुमच्या-माझ्यासारखा स्वार नव्हता. ते होते मोटारसायकलींचे कारखानदार. त्यांना दर नगामागं चार पेन्स वाचवायचे होते. चांगला सांधा, जाड तार, रबराची बैठक हे सगळं मिळू शकत होतं, पण पैसे टाकावे लागत होते. इंजिन फुगवायला जो पैसा लागला नाही, तो तारांवर कोण खर्च करणार? दुसरीकडे, लुकासलाही घाम फुटावा असा प्रतिस्पर्धी उरला नव्हता. १९६३ साली ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगानं वाहनांच्या विद्युत साहित्याच्या पुरवठ्याची चौकशी करून अहवाल दिला, तेव्हा चौकशीच्या केंद्रस्थानी लुकासच होती. एकीकडे कंजूष खरेदीदार, दुसरीकडे निश्चिंत विक्रेता. आणि दोघांच्या मधे रस्त्यावर उभा स्वार, हातात बॅटरी आणि चिकटपट्टी घेऊन.

या सगळ्याला एक मानसिक बैठकही होती. कारखानदारांना मनापासून वाटे, की खरा मोटारसायकलस्वार म्हणजे हात काळे करायला न लाजणारा गडी. त्याला रविवारी सकाळी गाडी खोलून बसायला आवडतं. तेल गळतं, तर गळू द्या. किक मारता येत नाही, त्यानं बसमधून जावं. गाडीच्या दोषांना त्यांनी गिऱ्हाइकाच्या पुरुषार्थाची परीक्षा करून टाकलं. बायकांनी, वयस्कांनी, कचेरीत स्वच्छ कपड्यांनिशी जाणाऱ्यांनी मोटारसायकल चालवावी, हे त्यांच्या गणितात नव्हतंच.

आणि नेमक्या याच लोकांचा विचार जगाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस करत होता. जपानमधल्या हमामात्सु गावात सोइचिरो होंडा यांनी १९४६ साली एक उद्योग सुरू केला. युद्धात लष्कराच्या रेडिओ संचांना वीज पुरवणाऱ्या जनित्रांची छोटी इंजिनं शिल्लक पडली होती. ती त्यांनी सायकलींना जोडली. म्हणजे होंडाच्या मोटारसायकलीचा जन्मच रेडिओच्या विजेतून झाला! एडवर्ड टर्नर १९६० साली जपानला जाऊन आले. तिथले कारखाने पाहून ते चकित झाले आणि परत येऊन त्यांनी आपल्या लोकांना धोक्याचा इशाराही दिला. पण मायदेशी मंडळींनी मनाची समजूत घातली : जपानी लोक छोट्या गाड्या बनवतात, पोरं त्यांच्यावर शिकतील आणि मोठी झाली, की आपल्याकडेच येतील.

१९६१ मध्ये होंडाची ३०५ सीसीची 'सुपर हॉक' अमेरिकेत पोचली. तिला बटण होतं. अंगठ्यानं दाबायचं आणि गाडी सुरू. इंग्रजांनी नाक मुरडलं. बॅटरीचं ओझं कोण वाहणार? पुढं ऑक्टोबर १९६८ मध्ये टोकियोच्या प्रदर्शनात 'सीबी ७५०' दिसली आणि १९६९ मध्ये ती विक्रीला आली. एका ओळीत चार सिलिंडर. त्यांतले दोन पिस्टन वर जाताना दोन खाली येत, त्यामुळं धक्के एकमेकांना खाऊन टाकत. पुढं डिस्क ब्रेक. बारा व्होल्टची भक्कम वीज. तेल न गळणारं इंजिन. आणि अर्थात बटण. अमेरिकेत किंमत १,४९५ डॉलर. वर्षाला दीड हजार गाड्या खपतील असा कंपनीचा सुरुवातीचा अंदाज होता. थोड्याच दिवसांत महिन्याला तेवढ्या कराव्या लागल्या. वेग तर तिच्यात होताच, पण लोकांनी वेगापेक्षा मोठी एक गोष्ट तिच्यात पाहिली. सकाळी गाडी सुरू होईल याची खात्री. आजवर ती कुणी विकतच नव्हतं.

इंग्रजांनी काहीच केलं नाही असं नाही. नॉर्टननं १९६७ मध्ये 'कमांडो' दाखवली. तिचं इंजिन रबराच्या बैठकांवर ठेवलेलं होतं, त्यामुळं थरथर स्वारापर्यंत पोचत नसे. ही युक्ती मोठी कल्पक होती. ब्रिटनमधल्या वाचकांनी तिला वर्षानुवर्षं सर्वोत्तम गाडी म्हणून निवडलं. पण थरथर मुळातच कमी करायची सोडून ती झाकायचा हा उपाय होता. १९७५ मध्ये कमांडोला बटण आलं. मात्र, बसवलेला स्टार्टर एवढा अशक्त निघाला, की थंडीत तो नुसताच कण्हायचा. स्वार म्हणू लागले, हा 'इलेक्ट्रिक स्टार्ट' नव्हे, 'इलेक्ट्रिक असिस्ट'. किक तुम्हीच मारायची, तो फक्त टेकू लावणार. बॉनव्हिलला बटण मिळालं १९८० साली. होंडाच्या सीबी ७५० नंतर तब्बल अकरा वर्षांनी!

तोवर पूल वाहून गेला होता. १९७३ मध्ये बीएसए कोसळली आणि सरकारी मदतीनं 'नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ' ही मोट बांधण्यात आली. सप्टेंबर १९७३ मध्ये ट्रायम्फचा मेरिडन इथला कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. कामगारांनी दारं अडवली आणि सुमारे दीड वर्ष ठाण मांडलं. १९७५ मध्ये उद्योगमंत्री टोनी बेन यांच्या पाठिंब्यानं तिथं कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. सहकाराच्या या महाराष्ट्रात तिची कथा स्वतंत्रपणे सांगायला हवी. कामगारांनी जिद्दीनं आठ वर्षं बॉनव्हिल बनवली. तिला इलेक्ट्रॉनिक ठिणगी मिळाली ती याच काळात, आणि ती लुकासनंच दिली. लोक आजही तिची तारीफ करतात. बटणही त्याच कामगारांनी बसवलं. पण गिऱ्हाइकाचा भरवसा एकदा उडाला, की तो दुरुस्ती करून परत येत नाही. १९८३ मध्ये कारखान्याला कायमचं टाळं लागलं. जे चार पेन्स तारांवर वाचवले होते, त्यांची किंमत ज्यांनी ते वाचवले त्यांनी मोजली नाही. ती मोजली मेरिडनच्या आणि बर्मिंगहॅमच्या कामगारांनी.

हा इंग्रजांचाच स्वभावदोष होता का? मला तसं वाटत नाही. इटलीतली ड्युकाटी घ्या. बोलोन्या शहरात १९२६ साली ती सुरू झाली, ती रेडिओचे सुटे भाग बनवण्यासाठी! कंडेन्सर हा तिचा हातखंडा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीत कारखाना उद्ध्वस्त झाला आणि पुढं ती मोटारसायकलींकडे वळली. १९७२ साली इमोलाच्या शर्यतीत तिनं जगाला दिपवलं. पण रेडिओच्या घरात जन्मलेल्या या कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या गाड्यांची बटणं आणि वायरिंग यांच्याविषयी मालक डोक्याला हात लावत. उलट, जपान्यांनाही सगळंच साधलं नाही. नव्वदच्या दशकात त्यांच्या काही नामांकित स्पोर्ट्स गाड्यांचे रेग्युलेटर जळू लागले. कारण साधं होतं. त्या काळातले बहुतेक रेग्युलेटर जास्तीची वीज उष्णता करून उधळून टाकत. त्यांना वारा लागायला हवा. पण गाडी देखणी आणि निमुळती दिसावी म्हणून ती चोहोबाजूंनी झाकली आणि रेग्युलेटर बिचारा आत कोंडला गेला. म्हणजे रोग इंग्लंडचा नाही. ज्या कुणाला वेग आणि रूप यांची भूल पडते आणि न दिसणाऱ्या गोष्टींचा विसर पडतो, त्या प्रत्येकाला तो जडतो.

एक अलीकडची गोष्ट सांगतो. माझ्या भाच्यानं एक महागडी परदेशी स्पोर्ट्स मोटारसायकल घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. गोष्ट नावाची नाहीच. किंमत एवढी, की त्याच्या आईनं आठ दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पावसाळ्यात ती गाडी चालता चालता बंद पडू लागली. पडद्यावरचे सगळे आकडे एकदम विझायचे आणि दहा मिनिटांनी, जसं काही झालंच नाही, अशी ती पुन्हा सुरू व्हायची. तीन वेळा टेंपोत घालून ती सर्व्हिस सेंटरला नेली. तिन्ही वेळा तिथल्या संगणकानं निर्वाळा दिला, गाडीत दोष नाही. चौथ्यांदा खंबाटकी घाट उतरल्यावर ती थांबली आणि त्याचा फोन आला, "मामा, मी हिला इथंच सोडून एसटीनं येतो." शेवटी शिरवळच्या एका वायरमननं ती पाहिली. त्यानं बॅटरीपासून सांगाड्यापर्यंत जाणारी तार हातानं चाचपली, बोल्ट काढला, त्याखालचा रंगाचा आणि गंजाचा थर पॉलिश पेपरनं घासला आणि बोल्ट पुन्हा आवळला. "अर्थ मिळत नव्हता," एवढंच म्हणाला. पैसे घेतले दोनशे रुपये.

व्हिन्सेंटपासून आजपर्यंत पाऊणशे वर्षं लोटली आणि दोष तोच, परतीच्या वाटेचा! फरक पडला तो दुसऱ्या बाजूनं. पूर्वीच्या स्वाराला रस्त्याच्या कडेला बसून निदान काही करता येत असे. आज गाडीत डझनभर छोटे संगणक आहेत, ती क्वचितच बिघडते हे खरं. पण बिघडली, की मालक पूर्ण परावलंबी. संगणक 'दोष नाही' म्हणाला, की त्याच्या अनुभवाला कुणी किंमत देत नाही. पूर्वी कारखानदार म्हणत, तू खरा स्वार नाहीस. आता म्हणतात, तुझ्या तक्रारीची नोंद यंत्रात सापडत नाही. दोन्ही उत्तरांत गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून न घेण्याची सोय आहे.

हे सगळं आपण का आठवायचं? कारण या कथेतली बहुतेक पात्रं आता आपल्या दारात आली आहेत. ट्रायम्फचं नाव १९८३ मध्ये जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकानं विकत घेतलं. नवा कारखाना उभारताना त्यांनी जपानी कारखाने नीट अभ्यासले आणि १९९१ पासून नव्या गाड्या बाजारात आणल्या. त्याच ट्रायम्फची ४०० सीसीची गाडी २०२३ पासून बजाज कंपनी आपल्या पुण्याजवळ चाकणला बनवते आहे. बीएसएचं नाव २०१६ मध्ये महिंद्रांच्या क्लासिक लेजंड्सकडे आलं. नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएस मोटरनं विकत घेतली. आणि या टीव्हीएस घराण्यानंच १९६१ साली मद्रासमध्ये लुकासबरोबर भागीदारी करून 'लुकास-टीव्हीएस' सुरू केली होती! विलायतेतली मूळ लुकास १९९६ मध्ये एका अमेरिकी कंपनीशी एकत्र झाली आणि १९९९ मध्ये ती एकत्रित कंपनीही विकली गेली. इथलं नाव मात्र टिकून आहे, आणि आपल्याकडच्या असंख्य गाड्या त्याच नावाच्या स्टार्टरवर निमूटपणे सुरू होतात. अंधाराचा युवराज म्हणून हिणवलेल्या नावाला भारतात कुणी हसत नाही, हेही नमूद करायला हवं.

तेव्हा ही नावं आपण विकत घेतली, त्यांच्या टाक्यांवरची सोनेरी अक्षरं घेतली, इंजिनांचे आवाजही जपले. त्यांचा इतिहास आपण घेतला आहे का, हा माझा प्रश्न आहे. तो इतिहास सांगतो, की गिऱ्हाईक वेगासाठी गाडी घेतं, रूपासाठी घेतं, पण तिच्याजवळ राहतं ते भरवशासाठी. दोष लपवता येतो, त्याला परंपरेचं नाव देता येतं, पुरवठादाराच्या माथी मारता येतो, त्याच्यावर विनोदही करता येतात. पण लोक हसता हसता दुसऱ्या दुकानात जातात आणि मग एक दिवस कारखान्याच्या फाटकावर टाळं दिसतं. चाकणच्या किंवा होसूरच्या कारखान्यात संध्याकाळच्या पाळीला एखादी मुलगी तार सांगाड्याला जोडून बोल्ट आवळते, तेव्हा तिच्या हातात फक्त पाना नसतो. कुठल्याशा घाटात, रात्री, पावसात निघालेल्या एका अनोळखी माणसाचा भरवसा असतो. तो बोल्ट नीट आवळायला तिला पुरेसा वेळ मिळतो की नाही, एवढं पाहणं मालकांचं काम आहे.